घरतकाकांची सहा मिनिटं

आमच्या इमारतीची लिफ्ट तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मध्ये अडकली, तेव्हा आत पाच जण होतो. चौघांनी रामनाम सुरू केलं. पाचवे घरतकाका. ते लिफ्टच्या छताकडे बघत म्हणाले, "चालू ठेवा, चालू ठेवा. वर ब्रेक पन हाय, तो जप न करता धरतो."

घरतकाका मूळचे जासईचे. महाप्याच्या एका रंगाच्या कारखान्यात केमिस्ट होते, आता निवृत्त. आम्ही कामोठ्यात एकाच मजल्यावर राहतो. सोसायटीची सेक्रेटरी या नात्याने माझ्याकडे बऱ्याच याद्या असतात. त्यातली एक खास काकांसाठी आहे : त्यांच्यासमोर न बोलायचे शब्द. नजर लागली, योग होता, शक्ती जाणवली. यातलं काहीही ऐकलं की काकांचा तळहात पुढे येतो. "पुरावा आना."

पूजेला ते येतात, प्रसाद दोनदा घेतात, पण नमस्कार नाही. दर गुरुवारी काकूंना स्कूटरवरून देवळात नेतात आणि स्वतः बाहेर चपलांपाशी उभे राहतात. काकू बाहेर आल्या की विचारतात, "झाली का भेट? काय म्हनतात?" काकू चपला घालून स्कूटरवर मागे बसतात.

सोसायटीच्या वर्धापनदिनाला यंदा भजनी मंडळाने कार्यक्रम ठरवला : 'माझा आध्यात्मिक अनुभव'. वक्ते नऊ, प्रत्येकी सहा मिनिटं. यादी नोटीस बोर्डावर लावत होते, तर काका मागे उभे. "दहावं नाव लिवा. माझं."

मंडळाच्या प्रमुख शिंदेबाई तिथेच होत्या. "अहो काका, देव नाही म्हणता ना? मग अनुभव कोणाचा येणार तुम्हाला?"

"अनुभव मला आला. कोनाचा आला, ते तुमी विचारताय."

"मग बालदिनाला ठेवू की. 'विज्ञानाच्या गमती'. मुलं टाळ्या वाजवतील."

एरवी काकांनी यावर दोन तरी टोले हाणले असते. पण ते बोर्डावरची नावं वाचत राहिले. शिंदेबाई गेल्यावर मला म्हणाले, "मॅडम, परवा जिन्यात ऐकलं. ही शिंदेबाईंना सांगत होती, आमचं मानूस आतून कोरडं हाय, त्याला काय वाटतच नाय." मग यादीवर बोट ठेवून म्हणाले, "तिच्यासमोर बोलायचंय. घरात जमत नाय. घरात बोलाय गेलो की मस्करीच व्हते."

मी खाली दहावी ओळ वाढवली आणि क्रम बदलून त्यांना चहाच्या आधीच्या वक्त्यांत बसवलं. चहानंतर अर्धा हॉल रिकामा होतो.

कार्यक्रमाच्या दिवशी काका इस्त्रीचा शर्ट घालून उभे राहिले. हातात कागद होता, तो त्यांनी उघडलाच नाही.

"आमची मिठागरं होती. आता तिथं कंटेनर उभे हायेत. मी कॉलेजला होतो, लॅबमधून भिंग आनलेलं. बांधावर बसून मिठाचा एक दाना पाह्यला. चौकोनी. दुसरा पाह्यला. चौकोनी. ढीगभर दाने काढले, सगळे तसेच. कोनी कापले नव्हते, कोनी शिकवलं नव्हतं. ऊन खाडीचं पानी उडवून नेत होतं आन् मीठ आपलं आपन चौकोन धरत होतं. तेवढ्यात कपाळावरनं घाम ओठावर आला. तेच मीठ. मंग मना कळंना, मी कुठं संपतो आन् खाडी कुठं चालू व्हते. बापानं हाक मारली, ऐकू आली नाय. हात जोडावेसे वाटले. समोर तर कोनीच नव्हतं. आजही भिंग धरलं की तसंच व्हतं. याला दुसरा शब्द असंल तर सांगा, मी तो वापरतो."

शिंदेबाई अगदी मऊ आवाजात म्हणाल्या, "काका, तोच देव हो."

"नाय बाई. मीठ. मिठाला मीठच राहू द्या, मना तेवढं पुरतं."

लोक हसले. शिंदेबाईही हसल्या. काकू मात्र तिसऱ्या रांगेत उठून उभ्या राहिल्या. "ह्ये लग्नाआदीचं का नंतरचं?"

"आदीचं."

"चाळीस वर्सं मना बोललात नाय?"

काकांचा तळहात नेहमीसारखा पुढे आला होता, तो त्यांनी खिशात घातला. "तू देवळातनं येताना तुजं तोंड बघायचो. वाटायचं, हिला सांगावं, मना पन असंच व्हतं. पन तुला वाटलं असतं, तुज्या देवाची चेष्टा करतो."

काकूंनी खाली बसून शेजारच्या खुर्चीवरची पिशवी उचलून मांडीवर घेतली. "बसा."

काका बसले. मी पुढच्या वक्त्यांना बोलावलं.

"मंग?" काकूंचा आवाज आला. "बापानं हाक मारली, मंग काय झालं?"

वक्ते बोलायला लागले तरी तिसऱ्या रांगेतली कुजबुज थांबेना. शिंदेबाईंनी दोनदा मागे वळून माझ्याकडे पाहिलं. शांतता राखायला सांगणं माझंच काम होतं. मी त्या दिवशी ते केलं नाही.