मेलेल्या खजुरीच्या मापाची मोहीम

अबुलखसीब प्रांती, नदीला समुद्राचे खारे पाणी चढून बागा मेल्या त्याचे तिसरे साली, सप्टेंबर माही, जुम्याचे दिवशी दुपार कलताना जी मोहीम जाहली, तिची हकीकत बोटींच्या इंजिनांचे मिस्त्री नईम वल्द दाखिल, म्हणजे खुद्द आम्ही, अल्लाला साक्ष ठेवून सांगतो. हीत आमची फजिती आहे ती लपवली नाही, आणि फत्ते आहे ती फुगवली नाही. फुगवली असेल तर जराशीच.

गनीम कोण, तर आमच्या अंगणातली खजुरी. वालिदांनी लावली, खाऱ्या पाण्याने मेली, आणि शेंडा गळून नुसता खांब उरला, आणि बुंधा किडीने पोखरून पोकळ केला, आणि वर ती पूर्वेस कलली. उत्तरेस आमचे घर, दक्षिणेस विजेच्या तारा, पश्चिमेस कालवा, पण तिकडे पडावयास ती राजी नाही. वादळात आपण होऊन कोसळली तर कोणाच्या डोक्यात कोसळेल ते सांगवत नाही. तेव्हा पाडणे जरूर, आणि पाडणे तर पूर्वेसच, आणि पूर्वेस नाकासमोर शेजारीणबाई उम्म लफ्ता यांचा तंदूर.

हा तंदूर कोणी हलका समजू नये. बाईसाहेबांनी नदीची माती आणि भुसा स्वतःच्या पायांनी तुडवून तो घडवला, आणि अठ्ठावीस वर्षे सगळ्या गल्लीची रोटी त्यातून निघाली. आता बाईंचे वय सत्तरीपार, बोटे सांध्यांत आखडलेली, नवा घडवणे त्यांच्याने होणे नाही. तंदूर गेला तर बाई घरात बसतील, आणि एकदा बसल्या तर पुन्हा उठायच्या नाहीत, हे लहानथोर सर्वांस ठाऊक, फक्त बोलत कोणी नव्हते.

मग बुंध्यापासून तंदुरापर्यंत फीत टाकली, ती साडेचौदा मीटर भरली. आता मसलतीचा मुद्दा एकच राहिला, की खजुरी साडेचौदाहून लांब की आखूड. तेव्हा झाडे चढण्यात नामांकित सरदार चासिब यांस आम्ही फर्मान दिले, की कमरेस दोर बांधून वर जाणे आणि शेंड्यावरून फीत सोडणे. सरदारांनी बुंध्यावर दोन टिचक्या मारल्या, पोकळ आवाज ऐकला, आणि दोर खाली ठेवला, आणि गल्लीत आम्हांस अबू दाखिल म्हणतात त्या नावाने आम्हांसच सुनावले.

"अबू दाखिल, हिच्यावर तू चढ. मी खाली उभा राहून तुझ्या मयतीचा फातिहा म्हणतो."

मग आम्ही अंगावरच्या पायघोळ झग्याच्या, म्हणजे दिशदाशाच्या, खिशातून मोबाईल उपसला. त्यात झाडे मोजावयाचे अॅप होते. बुंध्यावर नेम धरून बटण दाबावे, मग शेंड्यावर नेम धरून दाबावे, की आकडा हुजुरात हजर. मात्र आधी ते विचारते, की मोबाईल धरणाऱ्याची उंची किती, कारण त्या उंचीवरूनच ते झाड किती दूर आहे ते ताडते. आम्ही बेधडक एकशे शहात्तर सेंटीमीटर लिहिले, आणि एक डोळा मिटला, आणि श्वास रोखला, आणि नेम धरला. आकडा आला पंधरा मीटर दहा. मग डावीकडून मोजले, मग कालव्याकडून मोजले, तरी तोच आकडा. आम्ही छाती काढून जाहीर केले, की खजुरी तंदुरावर आपटून कोणाच्याही अंगावर उसळेल, तेव्हा तो आधी मोडल्याविना इलाज नाही, यंत्र खोटे बोलत नाही.

उम्म लफ्ता म्हणाल्या, "मोड बाबा. पण आतल्या चार रोट्या काढू दे आधी. त्यांचा काय गुन्हा?"

त्यांनी रोट्या काढल्या आणि फडक्यात बांधल्या, आणि मग तंदुराच्या कोमट अंगावर हात ठेवून तशाच उभ्या राहिल्या. चासिब सरदार कुदळ घेऊन पुढे जाहले, आणि त्यांनी कुदळ उचलली, तो आम्ही त्यांचा हात धरला.

"थांब," आम्ही म्हटले. "मापात खोट आहे."

"यंत्र बिघडलं?"

"यंत्र नाही रे. मी. मी एकशे शहात्तर नाही."

मग आम्हांस सर्व कबूल करणे आले. आमचे सासरे ताडमाड, त्यांचे चार मुलगे ताडमाड, आणि सोयरिकीचे वेळी त्यांनी आमची उंची पुसली, तेव्हा जाड तळाचे बूट घालून आम्ही एकशे शहात्तर सांगितली, आणि मग तीस वर्षे कागदोपत्री, चहाखान्यात, जेथे तेथे तीच सांगत आलो, आणि अखेर आमचे आम्हांसही ते खरे वाटू लागले.

"मग खरी किती?" चासिबने विचारले.

"एकशे त्रेसष्ट."

"बासष्ट," कुंपणापलीकडून आमच्या बेगमसाहेबा बद्रिया म्हणाल्या. "इतकी वर्षं तुझ्या दिशदाशा आखूड करून कोण देतंय?"

"तुला ठाऊक होतं?"

"लग्नाच्या चौथ्या दिवसापासून. तू एवढ्या हौसेनं सांगायचास, मी म्हटलं सांगू दे."

चासिबने कुदळ टेकवली. "आमच्या घरी तर तुला सगळे ठेंगणा अबू दाखिलच म्हणतात. मला वाटायचं, तुला एकट्याला माहीत नाही."

मग शक नको म्हणून आम्हांस भिंतीशी उभे केले. उम्म लफ्ता बाईसाहेबांचा हुकूम सुटला, की टाचा खाली. टाचा खाली आणल्या. त्यांनी आमच्या डोक्यावर रोटीची फळी आडवी दाबली, चासिबने कोळशाने रेघ ओढली, आणि फीत लावली तो एकशे बासष्ट, वर केसभरही नाही. तो आकडा मोबाईलमध्ये भरला, पुन्हा नेम धरला, आणि खजुरी तेरा मीटर नव्वद जाहली. मधे साठ सेंटीमीटरचा मुलूख मोकळा निघाला.

मग दोर बांधले, करवत चालली, आणि खजुरी आधी कुरकुरली, मग वालिदांसारखी खोकली, आणि मग एकाएकी आडवी जाहली. धुळीचा असा लोट उठला की हाताला हात दिसेना. धूळ बसली तेव्हा सगळे धावले. खजुरीचे टोक तंदुरापासून एक हात आणि चार बोटे अलीकडे पडले होते. त्या तेवढ्या जागेत उम्म लफ्ता बाईसाहेबांनी आपले स्टूल ठेवले, आणि पडलेल्या गनीमास पाठ टेकून बसल्या, आणि पिठाची परात मागवली.

येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली, ती दप्तरी दाखल करावी. खजुरी, तेरा मीटर नव्वद, पाडाव. तंदूर साबूत, पेटता. मापणार नईम वल्द दाखिल, उंची एकशे बासष्ट, टाचा टेकलेल्या. साक्ष सगळी गल्ली.