वाकड्या खिळ्याने राखलेली सदतीस ठिकाणे

धक्क्यावरील समस्त बोटवाले, जाळीवाले, वेल्डर आणि दोर ओढणारे यांनी हातचे काम बाजूस ठेवून ऐकावे. राजेरजवाड्यांच्या मोहिमा पुष्कळांनी लिहिल्या, परंतु वीतभर पडद्याच्या एका यंत्राखातर या धक्क्यावर जे रण माजले, त्याची हकीकत आजवर कोणी लिहिली नाही. सबब, जे जैसे घडले ते तैसे, पदरचे काही न घालता लिहिले आहे.

सोमवारी सकाळी खबर आली की राजमान्य मास्तरांचे यंत्र गेले. मास्तर पूर्वी शाळेत भूगोल शिकवीत, आणि आता निवृत्तीनंतर बोट बाळगून होते. ते बोटीत उतरले आणि पाहतात तो सुकाणूपुढचा खांब मोकळा, आणि एक तांबडी व एक काळी अशा दोन वायरी वाऱ्यावर हलताहेत. पाण्याची खोली, माशांचा जमाव आणि परतीची वाट दाखवणारे ते यंत्र चोराने नेले, आणि वरचे कापडी झाकण मात्र घडी घालून बाकावर ठेवले. ती घडी पाहून मास्तरांस जो संताप आला, तो यंत्र गेल्याचाही आला नव्हता. मग आणखी दोन बोटी तपासल्या, तेथेही तोच प्रकार, तशाच घड्या. धक्का हवालदिल जाहला.

सर्वांत हवालदिल जाहले ते दाजी, त्यांचे यंत्र अद्याप जागेवर असूनही. धक्क्यावर जाळी सांधणाऱ्या मेहुणीबाई त्यांस दाजी म्हणत, म्हणून मग सगळा धक्काच म्हणे. मेहुणीबाईंची थोरली बहीण ही दाजींची बायको; ती दोन वर्षांपूर्वी वारली. ती हयात असता दर रविवारी दाजींबरोबर बोटीत बसे, आणि यंत्राचे बटण दाबून ठिकाणांच्या खुणा करी व त्यांस नावे देई. लोक खुणा करतात त्या मासा लागला तिथे. या बाईने माशाची नोंद एकदाही केली नाही. तिच्या खुणा येणेप्रमाणे: 'यांची टोपी पडली', 'भांडण', 'भांडण दोन', 'समेट', 'इथे मी सुकाणू धरलं', 'इथे ते घाबरले'. अशा एकूण सदतीस. त्या यंत्राबाहेर कोठेही नव्हत्या. वहीत उतरून ठेवा, असे मास्तर म्हणाले, तेव्हा दाजींनी ऐकू न आल्यासारखे केले.

मग दुरुस्तीच्या शेडमध्ये मसलत बसली. यंत्र रोज काढून घरी न्यावे, ही पहिली तजवीज ठरली, आणि दाजींनी एक दिवस नेलेही. परंतु घरी टेबलावर ठेवले तर बॅटरीवाचून पडदा काळा, आणि काळ्या पडद्यासमोर बसून जेवणे त्यांस जमेना. दुसऱ्या दिवशी त्यांनी ते निमूटपणे बोटीवर परत बसवले.

दुसरी तजवीज वेल्डरची. या पराक्रमी पुरुषाने शहरातून खास बोल्ट आणले. त्यांच्या डोक्यावर फुलासारखी पाच पाकळ्यांची खाच, आणि ते फिरवणारा पाना जगात दुसऱ्या कोणाकडे नाही असे दुकानदाराने त्यास छातीठोक सांगितले होते. ते बोल्ट उरलेल्या सर्व यंत्रांस बसवले, आणि चोर आता आपले नाक घासून जाईल असे जाहीर जाहले, आणि चहा जाहला.

येथे धक्क्याचा एक जुना रिवाज सांगणे अवश्य. जी वस्तू एकच आहे, ती कोणी घरी न्यायची नाही. ती शेडमधील खिळ्यास लावायची. कारण मालक गैरहजर असता बोटीचा दोर तुटला, तर दुसऱ्यास धावता यावे. पाचपाकळी पाना एकच होता. सबब तो खिळ्यास लावला. कोणाच्याही मनात किंतु आला नाही. इतकेच नव्हे, तर मास्तरांनी वळणदार अक्षरात चिठ्ठी लिहून त्यास बांधली की, 'यंत्रांच्या बोल्टचा पाना. घेतल्यास परत लावावा.'

तो खिळा मोठा नाठाळ. वर्षानुवर्षांच्या ओझ्याने खाली वाकलेला. त्यास काही अडकवायचे तर डावीकडून वर चढवून अर्धा वेढा द्यावा लागे, नाहीतर वस्तू खालच्या पत्र्यावर पडे आणि मुडदा उठून बसेल असा आवाज होई. धक्क्यावरच्या प्रत्येकाच्या हाताला तो वेढा पाठ होता.

शनिवारी, ऐन दुपारी, निळ्या कपड्यांतला एक टोपीवाला इसम आला, आणि कंपनीकडून यंत्रे तपासायला आलो आहे असे अदबीने म्हणाला. दाजी वायरी पुसत बसले होते. दोन वर्षांत त्यांच्या यंत्राची विचारपूस कोणी केली नव्हती. त्यांना भरून आले. पाना खिळ्याला आहे, काम झाले की परत लावा, असा परवाना त्यांनी स्वमुखे दिला, आणि पाहुण्यास चहा आणावा म्हणून स्वतः उठून गेले.

इसमाने पाना घेतला, पाच बोल्ट फिरवले, यंत्र पिशवीत घातले, झाकणाची घडी घातली, आणि मग, चिठ्ठीत लिहिले होते म्हणून, पाना परत लावण्यास शेडमध्ये गेला. बेइमान खरा, पण शिस्तीचा. त्याने पाना सरळ खिळ्यावर टाकला.

पाना पत्र्यावर पडला. धक्का दणाणला.

मेहुणीबाई कोपऱ्यात जाळे सांधत होत्या. त्यांनी मान वर केली आणि सुई दातात धरूनच विचारले, "कोण रे तू?"

"कंपनीचा माणूस, मावशी."

"कंपनीचा अस. धक्क्याचा नाहीस."

इसम पळाला. मेहुणीबाईंनी जाळे उचलले आणि मागे धावल्या, आणि मास्तर काठी घेऊन आडवे आले, परंतु चष्मा कपाळावर असल्याने त्यांनी काठी खांबास मारली. मग वेल्डर तोंडावर मुखवटा तसाच ठेवून, काही एक दिसत नसता, केवळ आवाजाच्या रोखाने चालून गेला आणि डिझेलच्या पिंपास मिठी मारून 'धरला, धरला' असे ओरडत राहिला. इतक्यात समोरून दाजी दोन कप चहा घेऊन येत होते. त्यांनी पिशवी पाहिली. पिशवीतून काळ्या वायरीचे टोक बाहेर आले होते, आणि त्यावरची पिवळी चिकटपट्टी बायकोने गुंडाळलेली होती. दाजींनी चहा दोन्ही बाजूंस सोडला आणि डोके खाली घालून इसमाच्या पोटात शिरले. त्याच क्षणी मेहुणीबाईंनी जाळे फेकले. जाळे अचूक पडले, आणि त्यात चोर व दाजी दोघेही एकत्र कैद जाहले.

"काका, गुडघा काढा ना पोटावरून," आतून चोर काकुळतीस आला.

"पिशवी सोड आधी," दाजी म्हणाले, "हळू. आपटशील."

"दाजी, तुम्ही पालथे व्हा, म्हणजे मला कळेल कुणाला बडवायचं ते," मेहुणीबाई म्हणाल्या.

दाजी पालथे जाहले नाहीत. ते पिशवी छातीशी धरून तसेच पडून राहिले. मग पहारेकरी आला आणि इसमास घेऊन गेला, आणि त्याच्या सांगण्यावरून मास्तरांचे व इतर दोघांचे यंत्रही संध्याकाळपर्यंत सापडले. वेल्डरास पिंपापासून सोडवण्यात आले.

मग यंत्र खांबावर चढवले, वायरी जोडल्या, आणि बटण दाबण्याची वेळ आली तेव्हा दाजींचा हात पुढे होईना. ते मेहुणीबाईंनी दाबले. पडदा उजळला. मास्तरांनी शाळेचा हजेरीपट वाचावा तसे मोठ्याने वाचण्यास आरंभ केला, आणि सगळा धक्का बोटांवर मोजू लागला. 'टोपी पडली' ला हशा जाहला. 'भांडण दोन' ला वेल्डरने विचारले की चूक कोणाची होती, आणि मेहुणीबाईंनी सांगितले की दाजींची, ताईनेच मला सांगितलंय. दाजी हसले. ते इतके हसले की त्यांस बाकावर बसावे लागले. मोजणी सदतीसवर पुरी जाहली. एकही खूण गेली नव्हती.

मग सभेने ठराव केला तो असा: खिळा सरळ करू नये. जो सरळ करील तो धक्क्याचा शत्रू समजावा. खिळ्यास किल्लेदारी बहाल करण्यात येत आहे. पाना पूर्ववत त्यालाच राहील; चिठ्ठी मात्र काढावी. मास्तरांनी ती जड मनाने काढली. येणेप्रमाणे शनिवारी, भरती लागता लागता, धक्क्याची फत्ते जाहली. शत्रू कैद, यंत्रे चारही दाखल, आपल्याकडील नुकसान दोन कप चहा.

सदतिसावी खूण बाकीच्यांसारखी नाही. ती दीपगृहापलीकडच्या लहान बेटाजवळ आहे. तिथे ती दोघे कधी गेली नव्हती. बायकोने नकाशावर नुसते बोट ठेवून ती केली होती, आणि तिला नाव दिले होते 'पुढच्या खेपेस'.

तिथे जाणे अजून राहिले आहे.