नथ्थूजींच्या वेलाचा शेंडा

आमचे शेजारी नथ्थूजी मनीप्लांटला रागवायचे. ते घरात एकटेच राहत. पण त्यांचा आवाज ऐकून नवीन माणसाला वाटायचं, आत कुणी व्रात्य पुतण्या आला असावा.

"काहून बे, तिकडे काहून जाऊन राहिला? इथं तुले कमी काय हाय?"

तिकडे म्हणजे आमच्या घरात. चिखल्याच्या खाण कॉलनीत दोन क्वार्टरांमधली भिंत कौलांपर्यंत पोचत नसे. वरच्या फटीतून त्यांची फोडणी आमच्याकडे यायची, आमचा रेडिओ त्यांच्याकडे जायचा, आणि वेलाचा शेंडाही डोकावायचा. शेंडा ज्या घरात, बरकत त्या घरात, असं नथ्थूजींचं ठाम मत. म्हणून रोज सकाळी ते स्टुलावर चढून शेंडा मागे ओढायचे आणि सुतळीने खिडकीच्या गजाला बांधायचे.

एकदा आई गमतीने म्हणाली, "भाऊजी, आपल्या पायानं आलेल्या लक्ष्मीले मी कशी हाकलू?" त्यानंतर कितीतरी दिवस सुतळी दुहेरी होती.

ते खाणीच्या बत्तीघरात कामाला होते. पाळीवर खाली उतरणाऱ्याला बत्ती द्यायची, तो वर आला की परत घ्यायची. बत्त्यांच्या काचा पुसायची सवय पानांनाही लागू होती. खाणीची काळी धूळ कॉलनीत सगळ्यांवर बसायची. नथ्थूजींचा मनीप्लांट मात्र लग्नाला निघाल्यासारखा चकचकीत.

बारावीनंतर मला भंडाऱ्याच्या कॉलेजात प्रवेश मिळाला. आमच्या घरातून कॉलेजात जाणारी मी पहिलीच. आनंदापेक्षा भीती जास्त होती. निघायच्या आदल्या दिवशी शेंडा पुन्हा आमच्याकडे आलेला दिसला. मी सवयीने नथ्थूजींना हाक मारली. पलीकडे स्टूल ओढल्याचा आवाज काही आला नाही. थोड्या वेळाने नथ्थूजीच दारात उभे, हातात हातोडी. त्यांनी आमच्या भिंतीत खिळा ठोकला आणि शेंडा त्याला अडकवला.

"तुले लागन आता," एवढंच म्हणाले.

 

दिवाळीच्या सुट्टीत आले, तेव्हा वेल आमची अर्धी भिंत चढला होता. पाळीवरून आलेल्या माणसाला विचारावं तसं नथ्थूजींनी मला विचारलं, "आली काय वर?" आईने सांगितलं, ते रोज पानं पुसायला येतात, माझी खबर विचारतात, चहा घेतात आणि जातात.

मला वाईट वाटलं. मी म्हटलं, "काका, माझं काम झालं ना, कॉलेजात रुळली मी. आता न्या वेल परत. रोज इकडे या लागते तुम्हाले."

ते पान पुसत राहिले. पानावर धूळ नव्हती.

"राहू दे बाई," ते हळूच म्हणाले. "तिकडे राह्यला त मी इकडे कायले येऊ?"