बिननावाचा पिकअप

“नाव नाही, गाव नाही, कुणाचा कोण ठाऊक नाही! आणि असली वस्तू तू थेट गिटारमध्ये बसवणार?” आत्याने चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणत विचारलं.

टेबलावर प्लास्टिकची एक पिशवी होती आणि पिशवीत काडेपेटीहून जराशी लांब, काळी पट्टी. पिशवीवर कंपनीचं नाव नाही, पत्ता नाही, साधा शिक्कासुद्धा नाही. आत्याने आजवर अठ्ठावीस लग्नं जुळवली होती. त्यामुळे समोर आलेल्या कुठल्याही गोष्टीचं कुळमूळ विचारल्याशिवाय तिला चैन पडत नसे.

“आत्या, हा पिकअप आहे, जावई नाही.”

“जावई परवडला. तो निदान बोलून तरी दाखवतो.”

“हाही बोलणार आहे. शनिवारी. सगळ्या बँडसमोर!” पिपाणीने टेबलावर मूठ आपटली, तशी आत्याच्या कपातला चहा बशीत आला.

पिपाणी हे तिचं घरातलं नाव. जन्मल्याबरोबर तिने असा काही टाहो फोडला की नर्सच्या हातातला ट्रे खाली पडला, असं बाबा सांगत. गेल्या सोळा वर्षांत तो आवाज तसूभरही खाली आला नव्हता. आवाज खाली यायला तयार नव्हता तशी पिपाणीही एकदा बोललेल्या शब्दावरून खाली यायला तयार नसे.

भानगड अशी होती. शाळेच्या बँडमध्ये दुसऱ्या गिटारची जागा रिकामी झाली होती. पिपाणीकडे जुन्या बाजारातून आणलेली काळी इलेक्ट्रिक गिटार होती, पण तिचा पिकअप मेला होता. आणि पिकअप मेला की इलेक्ट्रिक गिटारचं नुसतं लाकूड उरतं. पिकअपमध्ये एक चुंबक असतं, त्याभोवती केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे असतात. वर गिटारची तार थरथरली की खाली ह्याला खबर लागते आणि हा ती लगेच वायरीतून स्पीकरकडे पोचवतो. थोडक्यात, चुगलखोर. चांगल्या कंपनीचा चुगलखोर गिटारपेक्षा महाग होता, म्हणून पिपाणीने बिननावाचा आणला.

ही बातमी उस्तादला लागली. उस्ताद म्हणजे बारावीतला मुलगा, बँडचा म्होरक्या. ही पदवी त्याला दुसऱ्या कुणी दिलेली नव्हती.

“बिननावाचा पिकअप? माझ्या बँडमध्ये?” तो हसला होता. “त्यापेक्षा पत्र्याच्या डब्याला तारा बांध आणि ये. ब्रँड ऐकू येतो, समजलं? माझा कान डोळे मिटून सांगेल.”

“मग सांग डोळे मिटून!” पिपाणी म्हणाली. “भिंतीकडे तोंड करून बस. मी दोन्ही गिटार वाजवते. तुला ओळखता आलं नाही तर जागा माझी.”

“दोन्ही तू का?”

“हात एकच पाहिजे ना! नाहीतर म्हणशील, हाताचा फरक होता.”

संगीताच्या बाई पेटी पुसत होत्या. त्यांनी मान वर न करता निकाल दिला, “शनिवारी बारा वाजता. कान काय ते ठरवतील.”

पिकअप बसवायला पिपाणीने मामाला गाठलं. मामाचं दुकान म्हणजे जळालेले पंखे, मिक्सर आणि पाण्याचे पंप ह्यांचं इस्पितळ. मोटारींची कॉइल भरण्यात त्याची तीस वर्षं गेली होती आणि जगातल्या सगळ्या अडचणी त्याला मोटारीसारख्याच दिसत. त्याने भिंग लावून पिकअप उलटासुलटा पाहिला.

“तार तांब्याची आहे. चुंबक जोरदार आहे. अजून काय पाहिजे तुला?”

“पण मामा, नाव नाहीये ना.”

“तांब्याला स्वतःचं नाव लिहिता येत नाही, म्हणून ते काय पितळ होतं का?” असं म्हणत त्याने दोन वायरी सोल्डर करून टाकल्या.

आणि गिटार बोलली! काय बोलली! पिपाणीने दुकानातच एक उडी मारली आणि तीन पंख्यांची पाती खाली पाडली.

घरी येऊन तिने स्पीकर हॉलमध्ये ठेवला, लांब वायर ओढत गिटार आपल्या खोलीत नेली, दार लावलं आणि स्पीकरचा आवाज जितका वाढवता येईल तितका वाढवून आली. हॉलमध्ये आत्या आणि आई बसल्या होत्या. पिपाणी गिटारवर ओणवी होऊन तारा जुळवू लागली. नाक तारांना टेकायचंच बाकी होतं. जुळवताना स्वतःशी बडबडायची तिला सवय होती.

“आत्या अजून बसलीच आहे वाटतं,” ती पुटपुटली. “सकाळी म्हणाली पाच मिनिटं. ह्या पाच मिनिटांत माझी सहामाही झाली असती. आणि लाडू किती खाल्ले! म्हणे, डॉक्टरांनी गोड बंद केलंय. डॉक्टरांनी फक्त सांगायचं बंद केलंय.”

हॉलमध्ये बशी आपटल्याचा आवाज झाला. मग दार उघडलं. दारात आई उभी होती आणि तिचा चेहरा भिजवलेल्या कणकेसारखा झाला होता.

“तुझा स्पीकर बोलतोय,” आई दातांवर दात ठेवून म्हणाली.

“कसा वाटला आवाज?”

“विहिरीतून आल्यासारखा! पण शब्द न् शब्द कळतोय!”

आईच्या मागून आत्या आली. तिने पर्स खांद्याला लावली होती. “मी म्हटलंच होतं,” ती थंडपणे म्हणाली. “कुळ माहीत नसलेली वस्तू घरात आणली की घरातल्या गोष्टी बाहेर जातात.” आणि मोडलेल्या लग्नातून निघाल्यासारखी पावलं टाकत निघून गेली.

पिपाणीने मामाला फोन लावला.

“वेढे सैल आहेत,” मामा हसू आवरत म्हणाला. “अख्खी कॉइल हलते, म्हणून तुझ्या तोंडचा आवाजही पकडते. मोठ्याने वाजवलंस तर शिट्टीही मारेल. मोटारीत आम्ही वॉर्निश ओततो. ह्याला मेण पाज. आत मुरलं की गप्प बसेल. पण मेण नुसतं वितळलेलं पाहिजे, उकळायला नको, नाहीतर प्लास्टिक वाकेल. आणि बुडबुडे यायचे थांबेपर्यंत बाहेर काढू नकोस.”

शनिवार सकाळ. बारा वाजता परीक्षा. नऊ वाजता पिपाणीने घरातल्या सातही मेणबत्त्या किसल्या. पातेल्यात पाणी, पाण्यात वाटी, वाटीत मेण आणि मेणात दोरीला टांगलेला पिकअप. बुडबुडे येत होते, पिपाणी घड्याळ बघत होती, सगळं कसं शास्त्रशुद्ध चाललं होतं. तेवढ्यात वीज गेली.

बाथरूमला खिडकी नव्हती आणि आत बाबा होते.

“अगं, कोण आहे का बाहेर?” बाबांचा आवाज आला. “डोळ्यांत साबण गेलाय! मेणबत्ती आणा!”

“बाबा, मेणबत्ती गिटारमध्ये चाललीय!”

“काय?”

“म्हणजे पिकअपमध्ये! वितळलीय!”

“मग दुसरी आण!”

“सातही वितळल्यात!”

आत काहीतरी धाडकन पडलं. बहुधा बादली. “गॅस बंद कर आणि आधी इकडे टॉर्च घेऊन ये!”

पिपाणीने वाटीकडे पाहिलं. एक बुडबुडा आला. मग आणखी एक. “बाबा, बुडबुडे थांबेपर्यंत नाही! तुम्ही तोवर अंदाजाने अंघोळ करा!”

बाबांनी अंदाजाने अंघोळ केली. शाम्पू समजून त्यांनी डोक्याला काय लावलं ते पुढे बराच वेळ कळलं नाही, पण त्या दिवशी ऑफिसात त्यांच्या केसांतून फरशीसारखा लिंबाचा वास येत होता, असं ऐकिवात आहे. वीज आली तेव्हा पिपाणी पिकअप पुसत होती आणि बाबा दारात टॉवेल गुंडाळून, लालबुंद डोळ्यांनी तिच्याकडे बघत होते.

“एवढं करून आज बँडमध्ये घेतलं नाही ना,” ते म्हणाले, “तर मीच येऊन भांडीन त्यांच्याशी.”

मामाने पुन्हा सोल्डर केलं. पिपाणीने तारांना तोंड लावून “आत्या” असं तीनदा म्हणून पाहिलं. स्पीकर गप्प! मग एक तार छेडली आणि दुकान भरून सूर घुमला. दोघं स्कूटरवर बसली, मध्ये गिटार, पिपाणीच्या मांडीवर स्पीकर, आणि बाराला दोन मिनिटं असताना शाळेत पोचली.

उस्तादची गिटारही काळीच होती. दोघी शेजारी ठेवल्या तर जुळ्या बहिणी. फरक एवढाच, उस्तादच्या गिटारच्या डोक्यावर सोनेरी अक्षरांत कंपनीचं नाव होतं आणि पिपाणीच्या गिटारच्या डोक्यावर काहीच नव्हतं. कुणी चोरून वाचू नये म्हणून उस्तादने स्वतःच दोन्हींवर पांढरी चिकटपट्टी लावली. बाई, उस्ताद आणि बँडमधली चार मुलं भिंतीकडे तोंड करून बसली. मामा कागद घेऊन पंच झाला. पाच फेऱ्या ठरल्या, त्याच गाण्याच्या त्याच चार ओळी. कुठली गिटार कधी, ते मामाने नाणं उडवून ठरवायचं.

पहिली फेरी झाली. “हा डबा,” उस्ताद म्हणाला.

दुसरी झाली. उस्ताद बसल्या जागी डोलला. “हा! ह्याला म्हणतात आवाज! कसा खोल, कसा गोल! ब्रँड बोलतोय, ब्रँड!”

मामाने लिहून घेतलं. तिसरी, चौथी, पाचवी. पिपाणीच्या कपाळावरून घाम ओघळत होता, पण तिने तोंडातून ब्र काढला नाही. आयुष्यात पहिल्यांदाच.

“झालं,” मामाने कागद वाचला. “पाचांतलं एक बरोबर. आणि तो खोल, गोल, बोलणारा ब्रँड म्हणजे आमच्या दुकानातला मेण प्यायलेला.”

बँडमधली मुलं ओरडली, बाकं वाजली. उस्तादचा चेहरा पडला. पिपाणीने दोन्ही हात वर केले. “म्हणजे जागा माझी!”

“थांब,” बाई म्हणाल्या. त्या अजून भिंतीकडेच बघत होत्या. “तिसरी ओळ.”

“काय बाई?”

“पाचही वेळा तिसऱ्या ओळीत चुकलीस. एकाच ठिकाणी. त्याच्या गिटारवर चुकलीस, तुझ्याही गिटारवर चुकलीस.”

पिपाणीचे हात हळूहळू खाली आले. खरं होतं. महिनाभर ती पिकअप शोधत होती, बसवत होती, शिजवत होती. गाणं तेवढं राहून गेलं होतं.

“पण बाई, आवाज कसा होता?”

“उत्तम होता,” बाई वळल्या. “म्हणून तर चूक इतकी स्वच्छ ऐकू आली.”

कुणीतरी फिस्सकन हसलं. उस्तादचा चेहरा जरासा वर आला.

“आम्ही इथे तासभर सराव करणार आहोत,” बाई म्हणाल्या. “तोवर ती ओळ सलग पाच वेळा बिनचूक वाजवलीस तर जागा तुझी. नाही तर पुढच्या वर्षी.”

“तासभर कशाला? अर्ध्या तासात दाखवते!” पिपाणी म्हणाली, गिटार उचलली आणि मामाला स्पीकरसकट ओढत शेजारच्या खोलीत घेऊन गेली. उस्तादनेही गिटार गळ्यात अडकवली आणि बँडचा सराव सुरू झाला.

शेजारच्या खोलीत मोडकी बाकं होती. पिपाणी त्यातल्या एका तिपायी बाकावर बसली. पहिल्यांदा चुकली. दहाव्यांदा चुकली. मग दोनदा बरोबर आलं, तिसऱ्यांदा बोट घसरलं. पुन्हा एकपासून. मग चारदा बरोबर आलं आणि पाचव्यांदा आता जमणार ह्या आनंदातच ती चुकली. बोटांच्या टोकांवर तारांचे वळ उठले.

“जरा थांब,” मामा म्हणाला. “मोटारसुद्धा अर्ध्या तासाने थंड करतात.”

“मी मोटार नाही, मामा.”

“ते दिसतंच आहे. मोटारीला दमल्याचं कळतं.”

अर्धा तास संपला, पाऊण झाला. पिपाणीला आता पिकअप आठवत नव्हता, मेण आठवत नव्हतं, उस्तादही आठवत नव्हता. डोळ्यांसमोर फक्त तीन बोटं आणि एक ओळ. एक. दोन. तीन. मामाने श्वास रोखला. चार. पिपाणीने ओठ चावला.

“पाच,” दारातून बाईंचा आवाज आला. त्या कधी येऊन उभ्या राहिल्या होत्या कोण जाणे. “सोमवारपासून सरावाला वेळेवर यायचं.”

पिपाणीने अशी किंकाळी फोडली की बाकाचा आणखी एक पाय सुटला. ती जमिनीवर बसली ती गिटार डोक्यावर धरूनच. “बघितलंत बाई! ऐकलंत ना! ना नाव, ना गाव, पण कसा वाजतो माझा पिकअप!”

बाईंच्या मागे उस्ताद उभा होता. त्याच्या हातात गिटार होती, बोटाला पांढरी चिकटपट्टी चिकटली होती आणि तोंडाचा आ वासला होता. त्याच्या गिटारच्या डोक्यावर सोनेरी अक्षरं नव्हती. तिथे काहीच नव्हतं.

“ती माझी आहे,” तो पिपाणीच्या हाताकडे बोट दाखवत म्हणाला.

पिपाणीने चिकटपट्टी सोलली. आत सोनेरी अक्षरं चमकली. ती एकदा गिटारकडे आणि एकदा मामाकडे बघत राहिली. मामा छताकडे बघत होता.

“म्हणजे तू तासभर माझी वाजवत होतास?” तिने विचारलं. “तुला कळलं नाही? तुझ्या त्या कानाला?”

उस्तादने घसा खाकरला. बाई ऐकत होत्या, मामा ऐकत होता, मागे बँडमधली चार मुलंही ऐकत होती.

“आज जरा जास्तच छान वाजतंय, असं वाटलं खरं,” तो हळूच म्हणाला. “मला वाटलं, माझाच हात सुधारला.”