कार्डाला शोभेल असा मॉनिटर

ग्राफिक्स कार्ड माणसाच्या आनंदासाठी असते, आणि त्याला साजेसा मॉनिटर मिळेपर्यंत तो आनंद घेणे हा शुद्ध अपव्यय होय.

हे तत्त्व चष्मेवाल्याला कुणी शिकवले नाही. व्हिडिओ बघून बघून ते त्याला आपोआप उमगले (एकूण व्हिडिओ एकशे चौदा, पैकी एकमेकांना खोडून काढणारे एकशे नऊ).

त्याचे असे झाले. चष्मेवाल्याचा धाकटा भाऊ जहाजावर इंजिनाचे काम करतो. वर्षातला बराच काळ पाण्यावर, आणि सुट्टीचे चार महिने दूरच्या शहरात, बायकामुलांत. या सुट्टीत त्याने दादाला संगणकावरचे खेळ झरझर चालवणारे एक ग्राफिक्स कार्ड पाठवले. सोबत चिठ्ठी होती: "दर रविवारी सकाळी गाड्यांची रेस. तू तुझ्या घरी, मी माझ्या. लहानपणी माझी गाडी भिंतीवर घालून पुढे जायचास ना? आता ये."

कार्ड बसले. आपल्या चष्म्याच्या दुकानातला जुना एकोणीस इंची मॉनिटर घरी आणून जोडला. पहिल्या रविवारी दादा तीनदा भिंतीवर आदळला, हसून हसून त्याच्या डोळ्यांत पाणी आले, आणि बायको स्वयंपाकघरातून विचारायला आली की घरात कोण आलंय.

प्रकरण इथेच मिटायला हरकत नव्हती. पण सोमवारी त्याच्या वाचनात आले, की हे कार्ड सेकंदाला एकशे चाळीस चित्रे काढते आणि मॉनिटर दाखवतो साठ. म्हणजे दर सेकंदाला ऐंशी चित्रे वाया! नळ ठिबकला तरी ज्याचा डोळा लागत नाही, त्या माणसाने हे उघड्या डोळ्यांनी कसे सोसावे? मॉनिटर निश्चित होईपर्यंत सर्व रेस स्थगित करण्यात आल्या.

भावाचा फोन आला. "दादा, त्या साठ चित्रांत मी दिसतो ना तुला?"

"दिसतोस रे. पण सलग नाही दिसत."

मग एक वही घालण्यात आली. तिच्यात रकाने सतरा. कार्डापेक्षा मॉनिटर वरचढ असला तर कार्डाला धाप लागते. मॉनिटरपेक्षा कार्ड वरचढ असले तर कार्ड माशा मारत बसते. दोन्ही तंतोतंत जुळले तर ते बजेटात बसत नाही, आणि बसलेच तर कुठेतरी फसवणूक आहे (हा शोध त्याचा स्वतःचा). चोवीस इंची घ्यावा तर सत्तावीस इंचीवाले कीव करतात. सत्तावीस इंची घ्यावा तर कार्ड कीव मागते. सहाव्या रविवारी यादीत नऊ मॉनिटर होते. सखोल अभ्यासानंतर, दहाव्या रविवारी, ते एकतीस झाले.

शेवटी बायकोने त्याला हाताला धरून मॉनिटरच्या दुकानात नेले. विक्रेत्याने दोन मॉनिटर शेजारी शेजारी लावले. चष्मेवाल्याने चष्मा पुसला, मान तिरपी केली, बराच वेळ श्वास रोखला.

"डावीकडचा. अगदी लोण्यासारखा चालतोय."

"साहेब," विक्रेता अदबीने म्हणाला, "दोन्ही एकच मॉडेल आहे. आणि दोन्ही सध्या साठवरच लावलेत."

बायको म्हणाली, "अहो, आपल्या दुकानात गिऱ्हाईकाला दोन भिंगांतला फरक कळेनासा झाला, की तुम्ही काय करता?"

"जुनाच नंबर ठेवतो."

"मग?"

यावर त्याने वहीत नोंद केली: 'दुकानातील प्रकाशयोजना सदोष.'

सतराव्या रविवारी भावाचा फोन आला तेव्हा मागे भोंगा वाजत होता.

"दादा, सामान चढवलं. निघतोय."

"अरे थांब की! बुधवारी मॉनिटर येतोय. ठरला एकदाचा!"

"जहाज थांबत नाही रे दादा." भाऊ हसला. मग म्हणाला, "मला ना, तुला हरवायचं पण नव्हतं. नुसतं तुझं ओरडणं ऐकायचं होतं."

बुधवारी मॉनिटर आला. जोडला. सेकंदाला एकशे चाळीस चित्रे, एकही वाया नाही. शर्यतीत अकरा गाड्या, अकराही यंत्राच्या. त्यांतली एकही अंगावर आली नाही, एकीनेही शिवी दिली नाही. चष्मेवाला पहिला आला. त्याने गाडी रस्त्याच्या कडेला उभी केली आणि झाडाची पाने बघत बसला. पाने सलग हलत होती.

"कसं दिसतंय?" बायकोने विचारले.

"स्वच्छ," तो म्हणाला.

ही हकीकत आजवर चाळीसेक जणांना सांगून झाली आहे. ऐकणाऱ्यांचे चेहरे गंभीर होतात, एखादा सुस्काराही टाकतो, आणि मग आवाज खाली आणून प्रत्येकजण तेच विचारतो, जे या ओळीपर्यंत आलेल्या आपल्यालाही विचारायचे आहे: शेवटी घेतला कुठला? भाऊ परत कधी येणार, असे विचारणारा अजून कुणी भेटलेला नाही.