टपावरचा पंखा

पाण्याच्या मीटरच्या कचेरीत दिवसभर लोकांच्या तक्रारी नोंदवणारा हा गृहस्थ घरी आला की वैमानिक व्हायचा. एका हातात चहाचा कप, दुसऱ्या हातात खेळाची दांडी आणि समोर संगणकावर जुन्या काळातलं लढाऊ विमान. म्हणून घरचे त्याला कॅप्टन म्हणत. (कचेरीत काय म्हणत, ते इथे सांगण्यासारखं नाही.) कॅप्टन आकाशात गेला की जमिनीशी त्याचा संबंध सुटायचा. बायको शाळेत शिक्षिका. तिला शाळेतून न्यायला यायचं कबूल करायचा आणि ती फाटकाशी ताटकळत असताना हा ढगांत. फोन केला तर म्हणायचा, "अगं, आत्ता कसा उतरू? मागे शत्रू लागलाय."

शेवटी तिने स्वतःच गाडी शिकायला घेतली. पण लायसन्सच्या परीक्षेत दोनदा नापास झाली आणि दोन्ही वेळा चढावर. तिथे थांबून पुन्हा निघायचं असतं. तिची गाडी निघण्याआधी मागे यायची. तिसरी परीक्षा तोंडावर आली, तशी वर्गात मुलांना धीर देणाऱ्या बाईंची झोप उडाली.

झोप कॅप्टनचीही उडाली होती, पण ती 'काळा बोका' या नावाने खेळणाऱ्या कुणा शत्रूपायी. कॅप्टन जिवाच्या आकांताने बोक्याचं इंजिन टिपायचा आणि बोका बंद इंजिनावर आरामात तरंगत आपल्या धावपट्टीवर जाऊन उतरायचा.

"हे होऊच शकत नाही," कॅप्टन जेवताना म्हणाला. "इंजिन बंद पडलं तरी पुढचा पंखा वाऱ्याने फिरत राहतो. तो फिरवायचे कष्ट कुणाला? विमानालाच. थांबलेल्या पंख्यापेक्षा फिरणारा जास्त मागे ओढतो. आणि या खेळवाल्यांनी तो ओढा हिशेबात नीट धरलेलाच नाही."

"परीक्षेच्या दिवशी सकाळी मला सरावाला कोण नेणार?"

"तेच म्हणतोय मी. ओढाच नाही."

त्याने खेळाच्या कंपनीकडे लांबलचक तक्रार धाडली. उत्तर नम्र आलं: प्रत्यक्ष मोजमाप असल्यास पाठवावे. आयुष्यभर तक्रारदारांना "पुरावा आणा" म्हणून परत पाठवणाऱ्या माणसाला हे फारच लागलं. त्याने तिथल्या तिथे ठरवलं, मोजायचं.

परीक्षेच्या दिवशी सकाळी बायको खाली आली, तर गाडीच्या टपावर घरातला टेबलफॅन. जाळी काढलेली, पाती उघडी. तो पुढे-मागे सरकावा म्हणून त्याखाली चमच्यांच्या ड्रॉवरची सरकपट्टी बसवलेली, आणि पंखा मागे ओढला गेला की किती जोराने ते कळावं म्हणून पुढून प्रवासाच्या बॅगा तोलायचा काटा अडकवलेला.

"चमचे कुठे आहेत?" तिने पहिला प्रश्न विचारला.

"बादलीत. अगं, आज मी येतोय ना सरावाला, तुला धीर द्यायला."

नवरा आपण होऊन येतोय, या आनंदात तिने टपाकडे काणाडोळा केला. "पण परीक्षेआधी हे उतरवायचं."

"वचन," कॅप्टन म्हणाला.

गावाबाहेरच्या मोकळ्या रस्त्यावर तिने गाडी घेतली. कॅप्टन खिडकीतून अर्धा बाहेर, एका हातात फोन, काट्याचं चित्रीकरण चालू. "चाळीसवर धर. कमी नको, जास्त नको." तिने धरली. पाती मोकळी ठेवून एक फेरी झाली, मग तिच्याच ओढणीने पाती बांधून दुसरी. फिरणारा पंखा काटा जास्त ओढत होता. कॅप्टनला आनंदाने काही सुचेना. "आता आणखी एकदा!" असं म्हणत त्याने इतक्या फेऱ्या करायला लावल्या की तिचं घड्याळाकडे लक्ष गेलं तेव्हा परीक्षेची वेळ होत आली होती.

मैदानावर पोचल्यावर कॅप्टनने पंखा काढायला घेतला, तेव्हा त्याच्या लक्षात आलं की पाना घरी राहिलाय. बोटांनी नट हलेना. दातांनी प्रयत्न केला. (दात हलला.)

तेवढ्यात परीक्षक बाई आल्या. हसणं त्यांच्या नोकरीत बसत नसावं.

"हे काय?"

"ओढा मोजतोय."

"गाडी ओढून आणलीत? बंद पडते का?"

"गाडी नाही, इंजिन बंद पडतं. विमानाचं."

बाईंनी टपाकडे पाहिलं, मग कॅप्टनकडे, मग सहानुभूतीने बायकोकडे. "हे तुमचे कोण?"

"नवरा आहे," बायको म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "मॅडम, असू दे ते. मला आजच द्यायचीय परीक्षा. पुन्हा रजा मिळणार नाही."

ते पाणी पाहून कॅप्टन पहिल्यांदा जमिनीवर आला. तिच्या हातातून ही संधी गेली तर ती आपल्यामुळे, हे त्याला कळलं. तो मैदानाभोवती बांधलेल्या दोरीपलीकडे जाऊन उभा राहिला.

परीक्षक बाई टपाकडे पुन्हा न पाहता तिच्या शेजारी बसल्या. गाडी चढावर गेली आणि पांढऱ्या रेघेवर थांबली. गाडी थांबली, पंखा थांबला नाही. काट्याच्या हुकातून सुटून तो सरकपट्टीवरून पुढे निसटला, बॉनेटवर आपटला आणि रस्त्यावर पडून गडगडू लागला. कॅप्टन दोरी ओलांडून धावला. (पंख्यासाठी नव्हे, तिच्या वाटेतला अडथळा काढायला, असं तो आजही सांगतो.) बायकोने गाडी नुकतीच पुढे काढली होती. समोर चढावर ओणवा नवरा. तिने ब्रेक दाबला, हातब्रेक ओढला. गाडी जागच्या जागी. कॅप्टन पंखा उराशी धरून बाजूला झाला आणि ती शांतपणे निघाली. गाडी तसूभरही मागे आली नाही.

परीक्षक बाई उतरल्या. "आजवर परीक्षेत कुणाच्या पुढ्यात पंखा आला नाही," त्या म्हणाल्या, "आणि नवरा तर नाहीच. यांनी दोघांनाही वाचवलं. पास."

घरी येताना गाडी तिनेच चालवली. कॅप्टन मांडीवर मोडका पंखा घेऊन बसला होता. "तुम्ही समोर दिसलात आणि पाय आपोआप ब्रेकवर गेला," ती म्हणाली. "नाहीतर आजही गेली असती मागे." कॅप्टनला इतकं भरून आलं की त्याने चमचे स्वतः ड्रॉवरमध्ये लावले. ड्रॉवर अर्थातच पडला.

कंपनीने मोजमाप स्वीकारलं. आभाराच्या पत्रात लिहिलं होतं: इतका स्थिर वेग राखणाऱ्या चालकाचे विशेष आभार, खिडकीतून लोंबकळणाऱ्या गृहस्थांनी पुढच्या वेळी काट्यापुढून डोकं बाजूला ठेवावं.

खेळाची नवी आवृत्ती आली. फिरणारा पंखा आता विमानाला खरोखर मागे ओढू लागला. कॅप्टन मोठ्या ऐटीत उडाला आणि पहिल्याच लढाईत काळ्या बोक्याने त्याचंच इंजिन टिपलं. पंखा गरगर फिरत राहिला, वेग भराभर उतरला, धावपट्टी समोर दिसत असताना विमान अलीकडच्या शेतात कोसळलं.

बायको चपला घालून दारात उभी होती. तिने हातातली गाडीची किल्ली बोटाभोवती फिरवली आणि पडद्याकडे पाहिलं.

"कुठल्या शेतात पडलात तेवढं सांगा," ती म्हणाली, "येताना घेते तुम्हाला. फाटकाशी उभे राहा."