फुस्सकाकांचं दार

ठाकूरकाका कुणाच्याही घरी आले की आधी माणसाकडे बघत नाहीत, दाराकडे बघतात. आमच्या इमारतीत दुपारची झोप सोडली तर दिवसा दारं उघडीच असतात. काका ते दार हळूच पुढे-मागे हलवतात, बिजागरीला कान लावतात आणि जराशी जरी कुरकुर ऐकू आली तरी पिशवीतून डबा काढून विचारतात, "मारू का एक फुस्स?" उत्तराची वाट बघायची पद्धत नाही. आपण "अहो काका" म्हणेपर्यंत फुस्स झालेलं असतं आणि तेलाचा ओघळ आपल्या पायपुसण्यावर आलेला असतो.

हा डबा म्हणजे गंजलेले नटबोल्ट सुटावेत, करकर थांबावी म्हणून कंपन्यांत वापरतात तो तेलाचा स्प्रे. तोंडाला पातळ लाल नळी. काका धाटावच्या एका कंपनीत आयुष्यभर बॉयलरवर होते. रिटायर होताना बाकीचे लोक भिंतीवरचं घड्याळ घेऊन येतात. काका येताना ही सवय घेऊन आले. इमारतीतली पोरं त्यांना फुस्सकाका म्हणतात. मोठी माणसंही म्हणतात, फक्त ते गेल्यावर.

मी लग्न होऊन पेणहून रोह्याजवळ वरसेला आले, त्याच आठवड्यात त्यांची ओळख झाली. आहेरात आलेल्या स्टीलच्या डब्यांवरची लेबलं नखांनी खरवडत मी गॅलरीत बसले होते. शेजारच्या दारातून एक उंच, किडकिडीत गृहस्थ आले, काही न बोलता लेबलांवर फवारा मारला, गंजीच्या टोकाने पुसलं आणि सगळा डिंक निघून गेला. मी भारावून गेले. दुसऱ्या दिवशी सासूबाईंच्या सुजलेल्या बोटातली अंगठी त्यांनी अशीच काढली. तिसऱ्या दिवशी छत्री. मग दप्तराची चेन, चपलेला चिकटलेलं च्युइंगम, भिंतीवरची खडूची चित्रं, खाऱ्या हवेने गंजून धरलेलं सायकलचं कुलूप. माझ्या मनात आलं, असा शेजार मिळायला भाग्य लागतं.

हे मत फार टिकलं नाही. गणपतीच्या दिवसांत माझा मोदक साच्याला चिकटून बसला. आता मी पेणची. मोदक बिघडला तर माहेरचं नाव जातं. मी घामाघूम होऊन साचा आपटत होते, तेवढ्यात मागून आवाज आला, "मारू का एक फुस्स?" मी साचा पोटाशी धरून इतक्या जोरात ओरडले की खालच्या मजल्यावरच्या इकबालभाईंच्या आई जिना चढून वर आल्या. "क्या हुआ गो?" त्यांनी विचारलं. काका शांतपणे म्हणाले, "काय नाय. मोदक जाम झालाय." पुढे मुलांच्या कॅरमबोर्डावरही त्यांनी फवारा मारला. सोंगट्या पळाव्यात हा हेतू होता. त्या जागच्या हलेनात. मुलांनी आठवडाभर अबोला धरला, पण काकांना तो कळलाच नाही. बॉयलरच्या आवाजाने त्यांचे कान अर्धे गेलेले. कुणी अबोला धरलाय की हळू बोलतंय, हे त्यांना सांगता येत नाही.

आणि इथेच माझं डोकं चक्रावायचं. ज्या माणसाला धड ऐकू येत नाही, त्याला दुसऱ्यांच्या दारांच्या कुरकुरीचा एवढा त्रास का व्हावा? दर रविवारी आंघोळ करून ते गॅलरीतून फिरायचे. "कुरकुर हाय का गो?" म्हणजे आपण भाजीवाल्याला मेथी आहे का विचारतो, त्या सुरात. मी नाही म्हटलं तरी विश्वास नाही. स्वतः कान लावून बघणार. माझ्या कपाटाचं दार, मोरीचं दार, खिडक्या, एकदा तर पाळणासुद्धा. त्यांच्या कृपेने आमच्या मोरीची कडी इतकी गुळगुळीत झाली की आत माणूस असताना आपोआप सरकायची. आम्ही सगळे मोरीत गाणी म्हणायला शिकलो ते त्यामुळे.

आता खरी गंमत ऐका. अख्ख्या इमारतीत एकच दार बोंबलायचं, ते ठाकूरकाकांचं स्वतःचं. साधं कुरकुरणं नाही. उघडलं की एक लांब, कर्कश किंकाळी, बंद करताना दुसरी. आमचे हे रात्रपाळी करून दुपारी झोपतात. ते दार वाजलं की उठून बसायचे आणि मला विचारायचे, "जगाला तेल पाजतो, याला घरचं दार दिसत नाही का?" मी एकदा काकांना गोडीत म्हटलं, "काका, तुमच्या दाराला एक फुस्स मारा ना." मी किडनी मागितल्यासारखं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. म्हणाले, "नाय, नाय. तो दार बरा हाय." आणि पिशवी घेऊन आत गेले. किंकाळी मारूनच.

घरात दोघंच, काका आणि काकू. काकू गडब गावच्या. हसऱ्या, गोऱ्यापान, कपाळावर मोठं कुंकू. माझी ओळख झाली तेव्हाच त्यांचा विसराळूपणा सुरू झाला होता. आधी मीठ दोनदा पडायचं. मग मला त्या आपल्या बहिणीच्या नावाने हाक मारू लागल्या. एकदा त्या घरातून निघाल्या आणि संध्याकाळी पार रोह्याच्या स्टेशनाजवळ सापडल्या, अनवाणी. त्यानंतर काकांनी बाजारात जाणंही सोडलं. सामान आम्ही आणून द्यायचो. काकू परत कुठे गेल्या आणि सापडल्या नाहीत तर काय, ही धास्ती त्यांच्या चेहऱ्यावर कायमची बसली होती. अशा माणसाने, घरात असं आजारपण असताना, ती किंकाळी का सोसावी, हे मला काही केल्या उमगत नव्हतं. शेवटी मी ठरवून टाकलं की काकांचंही डोकं जरा सरकलंय.

मग दसरा आला. दसऱ्याला आमच्याकडे सगळे आपापल्या हत्याराला झेंडूचं फूल वाहतात. शिलाई मशीन, स्कूटर, विळी. काका त्या डब्याला हळदकुंकू लावून माळ घालायचे. सकाळी ते आमच्या दारात आपट्याची पानं द्यायला आले. डबा त्यांच्या दाराबाहेर गॅलरीत पाटावर बसला होता. आमच्या ह्यांना सणाचा उमाळा आला. काका बाकीच्या घरांतून पानं देत फिरतायत तोवर ह्यांनी पाटावरचा डबा उचलला, काकांच्या दाराच्या तिन्ही बिजागऱ्यांना सढळ हाताने फवारा मारला, डबा जागच्या जागी ठेवला आणि हात पुसत येऊन मला म्हणाले, "सगळ्यांचं करतो बिचारा. आज आपण त्याचं केलं." मलाही ते फार आवडलं. सणाच्या गडबडीत काकांच्या ते लक्षातही आलं नाही. दुपारी इमारतीत इतकी शांतता होती की श्रीखंड-पुरी खाऊन आम्ही सगळे गाढ झोपलो.

जाग आली ती काका काकूंना मारत असलेल्या हाकांनी. "शेवंता! शेवंता गो!" बाहेर येऊन पाहते तर काका गॅलरीत, पायात चपला नाहीत, गंजी उलटी. घरात काकू नव्हत्या. काका आपलं दार धरून उभे होते. पुढे लोटत होते, मागे ओढत होते, परत पुढे. दार मुकाट्याने हलत होतं.

"कोनी मारला?" त्यांनी विचारलं.

आमचे हे डोळे चोळत पुढे झाले. "मी, काका. म्हटलं, तुम्ही सगळ्यांचं..."

काका रागावले असते तर बरं झालं असतं. ते खालीच बसले. "अरे, तो एकच आवाज ठेवला व्हता रं मी," ते म्हणाले. "कडी लावली तर घाबरते, रडते. घंटी बांधली तर काढून देवाजवल ठेवते. माझं कान असं, कनचा दार वाजला समजत नाय. सगल्यांचा आवाज बंद केला, म्हंजे जो वाजंल तो माझाच."

इतकी वर्षं मी ज्याला खूळ समजत होते, तो पहारा होता. आमच्या कपाटापासून पाळण्यापर्यंत सगळं त्यांनी गप्प केलं ते दुपारी अर्धा तास डोळा लागावा म्हणून. ह्यांच्याकडे तर मला बघवेना.

हे स्कूटर काढून रोह्याकडे सुटले. इकबालभाईंच्या आईंनी खालच्या दुकानदारांना कामाला लावलं. काका मात्र एकदम उठले. घरात जाऊन त्यांनी खुंटीवरची, कंपनीत जेवणाचा डबा न्यायची जुनी पिशवी घेतली, आणि मला म्हणाले, "चल पोरी. बसचा टाइम झाला." मला वाटलं, आता काकांचंही डोकं गेलं. मी त्यांच्या मागे धावले.

धाटावच्या रस्त्यावर जिथे कंपनीची बस पाळीवाल्यांना सोडते, तिथे झाडाखाली काकू उभ्या होत्या. डोक्यावर पदर, हातात आपट्याची पानं. नजर रस्त्याकडे. माझ्या जिवात जीव आला आणि मी हाक मारणार, तेवढ्यात काकांनी माझा हात दाबला. "हाका मारू नको. ती मला न्यायाला आलीय." मला तिथेच थांबवून ते दुकानांच्या मागून वळसा घालून गेले आणि थोड्या वेळाने पलीकडून, पाळीवाल्यांच्या गर्दीतून, पिशवी हलवत चालत आले.

"एवढा उशीर?" काकू त्यांच्यावर कडाडल्या. "सणाचा दिस, तरी ओव्हरटाइम?"

"काय करू गो. मला सोडवायला रिलीव्हर आला नाय," काका म्हणाले. काकूंनी त्यांच्या हातात पानं ठेवली आणि दोघं घराकडे चालू लागले. मी मागून चालत होते आणि डोळे पुसत होते.

त्या संध्याकाळपासून आमच्या ह्यांनी एक व्रत घेतलं. माझ्या माहेराहून येणाऱ्या जाड्या मिठाचं पाणी करायचं आणि सकाळ-संध्याकाळ काकांच्या बिजागऱ्यांवर ओतायचं. आधी साबणाने तेल धुऊन काढलं ते वेगळंच. काका बाजूला उभे राहून सूचना द्यायचे, "वरच्याला जास्त टाक." बरेच दिवस काही होईना. मग एका दुपारी ती किंकाळी परत आली आणि झोपेतून दचकून उठलेले आमचे हे चक्क हसले.

आता ते दार वाजलं की इमारतीतली सगळी दारं उघडतात. काकू बाहेर पडल्या असतील तर कुणीतरी सोबत निघतं, कुणीतरी काकांना उठवून खुंटीवरची पिशवी हातात देतं. आमची दारं उघडताना मात्र जराही आवाज होत नाही.